मोर्शीतला मोर

संत्र्यावरच्या लेखात वरूड-मोर्शीचं नाव यायलाच हवं. अमरावती जिल्ह्यातला तो पट्टा ज्याने गाळला तो लेखक विदर्भातला नाही, असं खुशाल समजावं. आमच्या विकीवरच्या लेखात नाव होतं, पण ‘मोर्शी’तला ‘मोर’ निळा झालेला. त्यावर टिचकी मारली की पिसारा फुलवलेला राष्ट्रीय पक्षी उघडायचा. मागे उरलेलं ‘शी’ आपला पाय मोडून एकटं उभं. पानाचा इतिहास बघितला तर हा पराक्रम माणसाचा नव्हता, बॉटचा, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅमचा होता. मराठी विकिपीडियावर बॉटला ‘सांगकाम्या’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो.

हा सांगकाम्या मी लिहिलेला नाही. जीवजातींवरचे लेख नीटनेटके ठेवायला कोणीतरी पूर्वी तयार केलेली, पायथन या संगणकभाषेतली स्क्रिप्ट होती. लिहिणारा संसाराला लागला आणि ती बेवारस पडली. अधूनमधून कोणी हौसेने चालवायचं, मग चर्चापानांवर तक्रारींचा पाऊस. मी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. दुसऱ्याने लिहून ठेवलेला जुना कोड उपसणं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे चावडीवर, म्हणजे विकीच्या सामाईक चर्चेच्या पानावर, ‘ही बंद तरी करा, नाहीतर कोणीतरी दुरुस्त तरी करा’ असा विषय निघाला तेव्हा मी हात वर केला. उन्हाळा होता. नागपुरात मे महिन्यात संध्याकाळीसुद्धा बाहेर पडण्याची इच्छा होत नाही. कूलरसमोर बसून करण्यासारखं काहीतरी हवंच होतं.

स्क्रिप्टचा एकूण उद्योग मोठा होता. लेखाची जीवचौकट (बाजूचा माहितीचा तक्ता) भरायची, शास्त्रीय नाव तिरकं करायचं, संवर्धनाची स्थिती टाकायची, लेखात दुसऱ्या प्राण्यांची नावं आली की त्यांना दुवे द्यायचे, दोनदा आलेले शब्द काढायचे, आणि लेख फारच आखूड असेल तर स्वतःच दोनचार वाक्यं लिहून द्यायची. या शेवटच्या कामाकडे नंतर येतो. आधी मोर.

रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या खुणांच्या भाषेत, ‘शब्दाची सीमा’ ओळखणारी एक खूण असते. जिथे अक्षर संपतं आणि अक्षर नसलेलं काही सुरू होतं, तिथे सीमा. स्क्रिप्ट त्या खुणेच्या आधाराने ‘मोर’ हा सुटा शब्द शोधत होती. इंग्रजीत हे बिनबोभाट चालतं. पायथनच्या मूळ रेजेक्सला मात्र आपल्या काना-मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरं वाटतच नाहीत. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये त्यांचा गट वेगळा, ‘जोडचिन्हां’चा. त्यामुळे ‘पिंगळा’ या शब्दाचे तुकडे पाडायला सांगितले तर हातात ‘प’ आणि ‘गळ’ एवढंच येतं. वेलांटी, अनुस्वार, काना सगळं वाऱ्यावर. ‘मोर्शी’त ‘र’ला हलन्त लागला, यंत्राने तिथे शब्द संपला असं मानलं, दुवा ठोकला. ‘मोराचा पिसारा’मध्ये काना लागला, तिथेही तेच. सगळ्यात भारी सापडलं ते ‘घारापुरी’. लेण्यांच्या नावात चक्क घार बसवलेली.

यावर उपाय तयार आहे. पायथनसाठी ‘रेजेक्स’ याच नावाचं वेगळं पॅकेज मिळतं, ते जोडचिन्हांना शब्दाचा भाग मानतं. ते बसवलं आणि मोर्शी, घारापुरी दोन्ही सुटली. पण ‘मोराचा’, ‘मोरांची’, ‘मोराला’ या रूपांना दुवा द्यायचा की नाही हा प्रश्न उरलाच. माणूस लिहितो तेव्हा ‘मोराचा’ पूर्ण शब्द दिसेल आणि दुवा मोराच्या लेखाला जाईल अशी सोय करतो. यंत्रालाही ते शिकवता आलं असतं. मी शिकवलं नाही. दुवे देण्याचं कामच काढून टाकलं. लेखात कुठला शब्द निळा असावा हे वाचकाला कुठे अडेल त्यावर ठरतं, आणि ते स्क्रिप्टला कळायचा संबंध नाही.

दुसरा भाग लिपीचाच, पण जास्त छुपा. ‘पांढऱ्या पाठीचे गिधाड’ हा लेख असूनही शोधात सापडत नव्हता. कारण ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात टिंबवाला ‘ऱ’ आणि त्याला हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्याच्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. विकीचं सॉफ्टवेअर युनिकोडची जी एकसारखी मांडणी करतं तीही या दोघांना एक मानत नाही. ‘ॲ’चं तसंच. २००८च्या युनिकोड ५.१ पासून त्याला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे, पण जुने कळफलक ‘अ’ला जोडक आणि चंद्र लावून तो तयार करतात. पक्ष्यांच्या नावांत पांढऱ्या, तुऱ्याचा, करड्या-भुऱ्या असले शब्द पावलोपावली. आता स्क्रिप्ट तुलना करण्याआधी सगळं एका रूपात आणते, पण फक्त स्वतःच्या स्मरणात. पानावर लिहिलेलं बदलत नाही. नुसतं जोडक बदलण्यासाठी शेकडो पानांवर संपादनं झाली तर लोकांच्या निरीक्षणसूच्या भरून वाहतात आणि खरी खोडसाळ संपादनं त्या गर्दीत निसटतात. जुनी स्क्रिप्ट नेमकं हेच करायची: इथली एक मोकळी जागा काढ, तिथला वर्ग खाली सरकव. वाचकाला काडीचाही फरक दिसत नाही असं संपादन करायचंच नाही, असा नियम घातला.

दोनदा आलेले शब्द काढण्याच्या कामाबद्दल फार लिहायला नको. चितळाचं शास्त्रीय नाव ‘ॲक्सिस ॲक्सिस’, नागाचं ‘नाजा नाजा’. दोघांनाही स्क्रिप्टने अर्धं करून ठेवलं होतं. प्राणिशास्त्रात प्रजाती आणि जातीचं नाव एकच असलेलं चालतं, वनस्पतिशास्त्रात चालत नाही. आणि मराठीत ‘लहान लहान कळप’, ‘हळू हळू’ हे तर चुकीचं नाहीच. ते कलमही काढलं.

मग कंस. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र नको म्हणून संगणक घेतलेल्या माणसाला तो आवडावा याचं घरी सगळ्यांना नवल वाटलं. गव्याच्या नावापुढे ‘सी. एच. स्मिथ, १८२७’ असं लिहितात, पण वाघापुढे ‘(लिनियस, १७५८)’ असं कंसात. स्क्रिप्टला हे विसंगत वाटायचं, म्हणून ती सरसकट कंस पुसायची. त्या कंसाला अर्थ आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने वाघाला ‘फेलिस टायग्रिस’ म्हटलं होतं. पुढे वाघ ‘पँथेरा’ प्रजातीत गेला. प्रजाती बदलली की मूळ नाव देणाऱ्याला कंसात बसवायचं, अशी प्राणिशास्त्राची रीत. गवा पहिल्यापासून ‘बॉस गॉरस’च आहे, म्हणून तिथे कंस नाही. आमच्या गोंदियाच्या सारसाचा प्रवास आणखी लांबचा: लिनियसच्या वेळी ‘आर्डिया’, मग बरीच वर्षं ‘ग्रस’, आणि आता ‘अँटिगोनी अँटिगोनी’. घर दोनदा बदललं तरी कंसातला लिनियस तोच.

म्हणजे कंस बरोबर की चूक हे ठरवायला मूळ नाव माहीत हवं. विकिडेटावर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठ्यात, त्यासाठी स्वतंत्र गुणधर्म आहे, पण तो बऱ्याच नोंदींत भरलेला नसतो. तिथे स्क्रिप्ट आता गप्प बसते आणि यादीत ‘तपासा’ असं लिहून पुढे जाते.

ही यादी म्हणजेच दुरुस्तीचा गाभा. आधीचा सांगकाम्या लेख उघडायचा, बदल करायचा, जतन करायचा. आताचा लेख उघडतो, काय बदलावंसं वाटतं ते माझ्या सदस्यपानाखालच्या एका तक्त्यात लिहितो आणि थांबतो. आधीचं, नंतरचं, कारण, आणि चौथा रकाना रिकामा. त्या रकान्यात माणसाने ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ लिहायचं. ‘हो’ असेल तेवढंच पुढच्या फेरीत होतं. ‘माहीत नाही’ला हात लावायचा नाही. ती ओळ तिथेच राहते, महिनोन्‌महिने राहिली तरी.

तपासायला माणसं मिळवणं हे कोडपेक्षा अवघड गेलं. वनस्पतींसाठी एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम मिळाल्या. पहिलीच यादी बघून त्यांचा फोन आला. “अहो, झाडाला साल असते मान्य, पण तुम्ही प्रत्येक झाडापुढे साल लिहून ठेवलंय ते कशाला?”

मी म्हणालो, “मॅडम, वाघापुढे लिहितात ना?”

“वाघापुढे लिहितात. झाडांचा कायदा वेगळा. आमच्याकडे वर्ष नाही, उलट कंसातल्या माणसानंतर ज्याने नाव हलवलं त्याचंही नाव येतं.”

त्यांचं खरं होतं. प्राण्यांची नामसंहिता वेगळी, वनस्पतींची वेगळी, आणि स्क्रिप्ट दोघांना एकच कायदा लावत होती. आता सृष्टी (प्राणी की वनस्पती) बघूनच ती वाट निवडते. बाभळीमुळे हे फार लवकर लक्षात आलं. बाभूळ म्हणजे ‘अकेशिया निलोटिका’ असं माझ्या पिढीने पाठ केलेलं. पण अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवायचा निर्णय २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला आणि २०११मध्ये मेलबर्नला तो कायम राहिला. आपली बाभूळ ‘व्हाचेलिया’त गेली, खैर ‘सेनेगालिया’त. विकिडेटावर जुन्या-नव्या नावांच्या वेगवेगळ्या नोंदी सापडतात आणि कुठला लेख कुठल्या नोंदीला जोडलेला असेल याचा नेम नाही. जुनी स्क्रिप्ट ज्या नोंदीला जोडलेलं असेल तिचं नाव डोळे मिटून चौकटीत घालायची. नवी दोन्ही नावं यादीत मांडते. मॅडम म्हणतात नवंच घ्या. शेतकी खात्याची जुनी पुस्तकं संदर्भाला देणारे आमचे एक सदस्य म्हणतात जुनं राहू द्या, वाचक त्याच नावाने शोधतो. तो वाद चर्चापानावर चालू आहे आणि चालू राहील. जुन्या नावावरून पुनर्निर्देशन ठेवलंय, त्यामुळे वाचकाचं अडत नाही.

प्राणी-पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी आमच्याच कॉलनीतले, वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका भेटले. नोकरी सगळी भंडारा-गोंदियाकडे गेली. मी लॅपटॉप घेऊन गेलो तर काकांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

“हे बिबट्या काय लिहून ठेवलं रे?”

“काका, विकिडेटावर तसंच आहे.”

“असन. आपल्याकडे बिबट म्हणतेत. अन् हे नीलगाय लिहून राहिला का तू? रोही कुठी गेला?”

रोही खरंच गेला होता. स्क्रिप्ट विकिडेटावरचं पहिलं मराठी नाव उचलून लेखातल्या नावाच्या जागी टाकत होती. कोणीतरी मेहनतीने लिहिलेलं रोही, कोळसून अशी विदर्भातली नावं त्यात वाहून गेली. विकिडेटावरची मराठी नावं कोणी कुठून भरली हे बहुतेक वेळा कळत नाही. काही तर इंग्रजी नावाचं सरळ लिप्यंतर. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या मुक्कामात तिथल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं टिपली म्हणून ती आज कोशात आहेत. आणि इथे एक स्क्रिप्ट रात्रीतून ती पुसत होती. मराठी नावाच्या रकान्याला आता तिने हात लावायचा नाही, नावं फक्त वाढतील, तीही संदर्भासह. काकांचा संदर्भ विकीवर चालत नाही हे त्यांना सांगताना मला अवघड वाटलं. ते मात्र हसले. “मग छापून आणू दे कोणाले,” म्हणाले, आणि कोणत्या पुस्तकात, गॅझेटियरमध्ये ही नावं सापडतील ते सांगत बसले.

संवर्धनाच्या स्थितीचं काम यांत्रिक असावं असं वाटलं होतं. रानपिंगळ्याने ते उलटं करून दाखवलं. हा पक्षी ब्रिटिश पक्षिअभ्यासक ह्यूमने १८७३ साली नोंदवला, १८८४नंतर त्याचा पुरावाच मिळेना, आणि १९९७मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आपल्या मेळघाटातही आहे. बरीच वर्षं ‘अतिसंकटग्रस्त’ होता, २०१८मध्ये आययूसीएन या जागतिक संवर्धन संस्थेच्या लाल यादीने त्याला एक पायरी खाली आणून ‘संकटग्रस्त’ केलं. चौकटीत नवी स्थिती आली, पण लेखाच्या पहिल्या परिच्छेदात ‘अतिसंकटग्रस्त’ हा शब्द माणसाने लिहिलेला तसाच. एकाच पानावर दोन उत्तरं. वाक्य बदलणं स्क्रिप्टच्या हाती द्यायचं नाही हे तोवर ठरलेलं होतं, म्हणून अशी पानं आता ती फक्त दाखवते. शिवाय आम्ही आणखी एक वाट धरली आहे. चौकटीच्या साच्याने स्थिती विकिडेटावरून स्वतःच ओढून घ्यावी, म्हणजे लाल यादी बदलली की शेकडो पानांवर संपादनं करत फिरावं लागणार नाही. साच्याचा मसुदा धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर आहे. विकिडेटावर कोणी खोडी काढली तर ती इथेही दिसेल, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून संदर्भ नसलेली स्थिती साचा घेतच नाही.

आता ती वाक्यं लिहिण्याची गोष्ट. स्क्रिप्ट आखूड लेखांत ‘चे शास्त्रीय नाव अमुक आहे’ असं नावाला चिकटवायची. परिणाम: ‘बगळाचे’, ‘वटवाघूळचे’, ‘हरीणचे’, ‘मैनाचे’. शाळेतला मुलगाही असं बोलत नाही. मी काही रात्री सामान्यरूपाचे नियम लिहिण्यात घालवल्या. बगळा-बगळ्याचे, घार-घारीचे इथवर नियम सरळ चालतो. वटवाघूळचं वटवाघळाचे, हरीणचं हरणाचे होतं, मैनेचं आणखी तिसरंच. नियम जमलेही असते. ‘या पक्ष्याचे’ असं लिहून प्रश्न टाळताही आला असता. पण ऑफिसातला माझा मित्र, जो स्वतः एक ओळ लिहीत नाही, तो म्हणाला, “ते स्वीडिश बॉटवालं कर ना बे. एका झटक्यात लाखो लेख.” त्याला म्हणायचं होतं स्वेर्कर योहान्सन यांच्या एलएसजेबॉटविषयी. सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावर साठ लाखांवर लेख आहेत आणि त्यातले बहुतेक त्या बॉटने लिहिलेले. कागदावर ही भाषा जगातल्या सगळ्यात मोठ्या विकिपीडियांत बसते. तिथले जीवजातींचे काही लेख मी उघडून बघितले. एका साच्यातून काढलेली वाक्यं, नावं तेवढी वेगळी. फिलिपिन्समधल्या कुठल्या मुलाने ते वाचून आपल्या अंगणातलं पाखरू ओळखलं असेल असं मला वाटत नाही. मित्राशी वाद घातला नाही. वाक्यं लिहिणारा सगळा भाग त्याच रात्री उडवला. स्क्रिप्ट निम्म्याहून आखूड झाली.

सांगकाम्या चालवायच्या परवानगीचा टप्पा त्यामानाने सोपा होता. स्क्रिप्ट ज्यावर चालते ते पायविकिबॉट दोन संपादनांमध्ये मुळातच दहा सेकंद थांबतं, तो वेग तसाच ठेवला. आधी नुसतं ‘करून दाखव, जतन करू नको’ या पद्धतीने चालवलं, मग थोड्या पानांवर खरं. चर्चेत एका प्रचालकांनी विचारलं, “आवरायचा कसा?” त्याची सोय केली होती: सांगकाम्याच्या चर्चापानावर कोणीही काहीही लिहिलं की तो पुढचं पान उघडत नाही. लिहिणारा अनामिक असला तरी. एकदा कोणीतरी तिथे ‘धन्यवाद’ लिहिलं आणि काम रात्रभर बंद पडलं. तरी तो नियम बदललेला नाही.

मोर्शी, घारापुरी, नाजा नाजा, पांढऱ्या, बाभूळ, सारसाचे कंस, असल्या अडवणाऱ्या उदाहरणांची एक फाइल केली आहे. कोडमध्ये काहीही बदललं की आधी ती सगळी पास व्हावी लागतात. यात भर घालणारे आता माझ्यापेक्षा मॅडमच जास्त आहेत. कोड वाचता येत नसला तरी कुठे फसेल हे त्यांना बरोबर कळतं.

सध्या गोड्या पाण्यातले मासे घेतले आहेत. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मरळ, वाम ही नावं सगळ्यांना माहीत, पण त्यापुढे एकाच माशाला वैनगंगेच्या या काठाला एक नाव आणि त्या काठाला दुसरं. काकांनी मासेमारी करणाऱ्या एका ढीवर कुटुंबाशी गाठ घालून देतो म्हटलंय. तक्त्याचा चौथा रकाना उघडा आहे आणि त्यात आजघडीला वरपासून खालपर्यंत ‘माहीत नाही’ एवढंच लिहिलेलं आहे.